मधुमेह असताना जीवन विमा आणि प्रवास विमा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या विषयावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. मधुमेह आहे म्हणून विमाच मिळाला नाही, अशी तक्रार करणारे वाचक थोडे आहेत. मधुमेह अर्जात लिहिलेला नव्हता म्हणून दावा अडकला, असे कळवणारे त्यांच्याहून कितीतरी अधिक आहेत. निवडक पत्रांना येथे सविस्तर उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि कंपन्यांची नावे हेतुतः वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय ४४ असून अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. सहा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या चालू आहेत, इन्शुलिन नाही. शेवटची एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७.४ आली. फ्लॅटच्या कर्जाचे हप्ते अजून सतरा वर्षे चालतील, म्हणून एक कोटीचा टर्म प्लॅन (ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा जीवन विमा) घ्यायचा आहे. ओळखीचे एजंट सांगतात, ‘साखर लिहू नका, हप्ता वाढेल. तीन वर्षे निघाली की कंपनीला काही करता येत नाही.’ हे खरे आहे का? — एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : एजंटांच्या बोलण्यातील एक भाग कायद्यात आहे, आणि म्हणूनच ते बोलणे चटकन पटते. विमा कायदा, १९३८ मधील कलम ४५ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार जीवन विम्याची पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षे पूर्ण झाली की कोणत्याही कारणावरून तिच्या वैधतेला आव्हान देण्याची मुभा कंपनीला राहत नाही. परंतु त्या तीन वर्षांतच विमाधारकाचे निधन झाले, तर कंपनी दाव्याची कसून चौकशी करते. रुग्णालयाची कागदपत्रे, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट, औषधांची बिले असे सारे काही मागवले जाते. तुमच्या बाबतीत तर कारखान्यात दरवर्षी होणाऱ्या आरोग्य तपासणीत साखरेची नोंद असणारच. माहीत असलेला आजार जाणूनबुजून लपवणे ही कायद्याच्या भाषेत फसवणूक ठरते, आणि तिचा जाब द्यायला त्या वेळी तुम्ही नसता. तो तुमच्या पत्नीला द्यावा लागतो. कर्जाचे ओझे तिच्यावर पडू नये म्हणून जी पॉलिसी घ्यायची, तीच तिच्या डोक्यावर एक वाद ठेवून जाणार असेल, तर तसा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

आता हप्ता किती वाढेल याविषयी. कंपनीचा विमा-जोखीम तपासणारा विभाग केवळ ‘मधुमेह आहे की नाही’ एवढेच पाहत नाही. मधुमेह कोणत्या वयात सुरू झाला, त्याला किती वर्षे झाली, गोळ्या आहेत की इन्शुलिन, गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी किती आहे, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल कसे आहे, वजन किती, तंबाखू किंवा सिगारेट आहे का, लघवीतून प्रथिने जातात का, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) आणि ईसीजी काय सांगतात, हे सर्व एकत्र मांडून निर्णय होतो. विशीत सुरू झालेल्या मधुमेहाकडे आणि पन्नाशीत सुरू झालेल्या मधुमेहाकडे कंपनी एकाच नजरेने पाहत नाही, कारण शरीराने तो किती काळ सोसायचा आहे यावर मूत्रपिंड, डोळे आणि हृदय यांचा धोका अवलंबून असतो. तुम्ही जे वर्णन केले आहे, त्यात रक्तदाब ठीक असेल, तंबाखू नसेल आणि मूत्रपिंडाचे अहवाल स्वच्छ असतील, तर अनेक कंपन्या वाढीव हप्त्यावर पॉलिसी देतात. या वाढीला ‘लोडिंग’ म्हणतात. ती कंपनीगणिक बरीच वेगळी असते, म्हणून एकाच कंपनीच्या आकड्यावर समाधान मानू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे पूर्वीच्या हिशोबापेक्षा थोडा दिलासाही आहे. गंभीर आजारांचे रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायचे जादा संरक्षण, मधुमेहींना बहुधा नाकारले जाते. ते नाकारले म्हणून मूळ पॉलिसी सोडून देऊ नका.

एक काळजी मात्र अर्ज करण्याआधीच घ्यावी. कंपनीने प्रस्ताव नाकारला किंवा पुढे ढकलला, तर ती गोष्ट पुढच्या प्रत्येक कंपनीच्या अर्जात सांगावी लागते, कारण ‘यापूर्वी तुमचा प्रस्ताव नाकारला, लांबणीवर टाकला किंवा वाढीव हप्त्याने स्वीकारला आहे का’ हा प्रश्न त्यात असतोच. म्हणून आधी स्वतःच्या खर्चाने एचबीए१सी, लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) करून घ्या. साखर फार वाढलेली निघाली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन-चार महिने ती आटोक्यात आणून मग अर्ज करणे शहाणपणाचे ठरते. ७.४ साठी थांबण्याची गरज आम्हाला वाटत नाही. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करून किंवा गोळी वाढवून मात्र काहीही साधत नाही. एचबीए१सी दोन दिवसांत बदलत नाही, आणि मनाने वाढवलेल्या गोळीने साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

अर्ज स्वतः भरा, किंवा दुसऱ्याने भरला तर प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय सही करू नका. आजकाल कंपनीचे डॉक्टर फोनवरून प्रश्न विचारतात आणि ते संभाषण ध्वनिमुद्रित होते. तेथेही तेच सांगा जे अर्जात लिहिले आहे. पॉलिसीसोबत तुमच्या अर्जाची प्रत येते. ती उघडून मधुमेहाची नोंद, गोळ्यांची नावे आणि वर्षे बरोबर उतरली आहेत का ते पाहा. काही चुकले असेल तर लेखी दुरुस्ती मागा. अटीच पटल्या नाहीत, तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. बहुतेक घरांत हे पाकीट न उघडताच कपाटात जाते, आणि पुढचे पुष्कळसे क्लेश तेथेच सुरू होतात.

कर्जाबाबत आणखी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गृहकर्ज देताना बँकेने कर्जाचा विमा उतरवला असेल, तर त्या कागदांच्या गठ्ठ्यात ‘मी पूर्णपणे निरोगी आहे’ अशा आशयाचे एक घोषणापत्र असते, आणि त्यावर घाईघाईत सही झालेली असण्याची शक्यता मोठी आहे. ते आजच शोधा. त्यात मधुमेह नसल्याचे लिहिले गेले असेल, तर कंपनीला लेखी कळवून नोंद दुरुस्त करून घ्या. दुसरे असे की, टर्म प्लॅन विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घेतला, तर ती रक्कम पत्नी-मुलांच्या नावे विश्वस्त निधी मानली जाते आणि तुमचे सावकार तिच्यावर हात ठेवू शकत नाहीत. हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो. नंतर तो मिळत नाही.

प्रश्न : बारा वर्षांपूर्वी मी जीवन विम्याची पॉलिसी घेतली, तेव्हा मला कोणताही आजार नव्हता. मागच्या वर्षी मधुमेह निघाला. कंपनीला कळवणे आवश्यक आहे का? मधल्या काळात माझे दोन वार्षिक हप्तेही थकले आहेत. — एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : तुमच्या पत्रातील दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचे आहे. हप्ते नियमित भरले गेले असते, तर नंतर झालेला आजार कळवण्याचे बंधन तुमच्यावर नव्हते, आणि त्यामुळे हप्ता वाढवण्याचा अधिकारही कंपनीला नव्हता. अर्ज दिल्यापासून पॉलिसी मंजूर होईपर्यंतच्या मधल्या दिवसांत काही निघाले तर तेवढे मात्र कळवावे लागते. आता वार्षिक हप्त्याच्या ३० दिवसांच्या सवलतीची मुदत उलटून पॉलिसी बंद पडली असेल, तर ती पुन्हा सुरू करताना आजच्या प्रकृतीविषयी नवे घोषणापत्र द्यावे लागेल. त्यात मधुमेह लिहावाच लागेल, कंपनी तपासणी मागू शकेल, आणि कलम ४५ मधील तीन वर्षे पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून पुन्हा मोजली जातील. पारंपरिक पॉलिसीत पुनरुज्जीवनाला पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांची मुदत असते; युनिट-लिंक्ड (हप्त्याची रक्कम बाजारात गुंतवणाऱ्या) पॉलिसीत ती तीन वर्षांची असते. मधुमेह नवा असताना आणि अहवाल चांगले असताना हे काम लवकर करावे. ज्यांचे हप्ते चालू आहेत आणि अलीकडेच साखर निघाली आहे, त्यांनी जुनी पॉलिसी काहीही झाले तरी बंद पडू देऊ नये, कारण निरोगी वयातील दराने मिळालेले ते संरक्षण पुन्हा त्या किमतीत मिळणार नाही.

प्रश्न : माझ्या पतींचे किराणा दुकान होते. त्यांनी पंधरा लाखांची पॉलिसी घेतली होती. वीस महिन्यांनी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डवर ‘चार वर्षांपासून मधुमेह’ असे लिहिले आहे, आणि अर्जात मधुमेहाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिले आहे, म्हणून कंपनीने दावा नाकारला. तो अर्ज एजंटाने इंग्रजीत भरला होता, यांनी फक्त मराठीत सही केली होती. आता काही करता येईल का? — एक भगिनी, सिन्नर

उत्तर : ताई, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. कंपनीच्या एका पत्राने हा विषय संपत नाही, हे आधी लक्षात घ्या.

दावा नाकारल्याचे पत्र नीट वाचा आणि कंपनीने ‘फसवणूक’ म्हटले आहे की ‘महत्त्वाची माहिती चुकीची दिली’ असे म्हटले आहे ते पाहा. दोन्हींत मोठा फरक आहे. फसवणुकीचा आरोप असेल, तर पतींनी मुद्दाम काही लपवले नाही हे दाखवण्याची जबाबदारी वारसांवर येते. केवळ चुकीच्या माहितीचा मुद्दा असेल, तर ती माहिती आधी कळली असती तर आपण ही पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीला दाखवावे लागते. कलम ४५ च्या स्पष्टीकरणातच तसे म्हटले आहे. तुमच्या प्रकरणात हा मुद्दा जोराने मांडण्यासारखा आहे, कारण गोळ्यांवर आटोक्यात असलेल्या मधुमेहींना कंपन्या वाढीव हप्त्याने पॉलिसी देतात हे सर्वज्ञात आहे. ‘आमच्या नियमांनुसार या व्यक्तीला पॉलिसी नाकारली असती, की वाढीव हप्त्याने दिली असती?’ हा प्रश्न कंपनीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी मागा.

एजंटाच्या बाबतीतही कायदा तुमच्या बाजूने काही सांगतो. त्याच कलमाच्या दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार, विम्याचा करार जुळवून आणणारी व्यक्ती त्या करारापुरती कंपनीचीच प्रतिनिधी मानली जाते. शिवाय अर्ज एका भाषेत आणि सही दुसऱ्या भाषेत असेल, तर अर्जातील मजकूर सहीकर्त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचे घोषणापत्र भरणाऱ्याने द्यायचे असते. कंपनीकडून अर्जाची संपूर्ण प्रत मागवा आणि ते घोषणापत्र भरलेले आहे का, त्यावर कोणाची सही आहे, हे तपासा. कोरे असेल तर तो तुमचा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे.

डिस्चार्ज कार्डवरील ‘चार वर्षांपासून’ ही नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली याचीही चौकशी करा. तातडीच्या वेळी बरोबर आलेल्या नातेवाइकाने अंदाजाने सांगितलेले आकडे कार्डवर उतरतात. पतींवर खरोखर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडील पहिल्या तपासणीची तारीख मिळवा. ती पॉलिसीनंतरची असेल, तर दावा नाकारण्याचा आधारच उरत नाही. ती आधीची असेल, तर मात्र खोटा दाखला मिळवण्याच्या वाटेला कृपया जाऊ नका. खोटा कागद उघडकीस आला की उरलेले चांगले मुद्देही वाया जातात.

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ यंत्रणेतही तक्रार नोंदवता येते. १५५२५५ या निःशुल्क क्रमांकावर फोन करूनही ती नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जावे. नाशिक जिल्ह्यासाठी लोकपालांचे कार्यालय पुण्यात आहे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे ऐकले जातात आणि दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, ही मुदत चुकवू नका. निवाडा पटला नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्ग तुमच्यासाठी मोकळा राहतो. मात्र आयोगात आधी गेलात तर त्याच विषयावर लोकपाल सुनावणी घेत नाहीत, म्हणून क्रम सांभाळा.

आणि काहीही निष्पन्न झाले नाही असे धरले, तरी फसवणुकीऐवजी चुकीच्या माहितीच्या कारणावरून दावा नाकारला असेल, तर तोपर्यंत भरलेले सर्व हप्ते नाकारल्याच्या तारखेपासून ९० दिवसांत वारसाला परत करणे कंपनीला बंधनकारक आहे. ही रक्कम तुम्हाला मिळाली आहे का, याचा उल्लेख पत्रात नाही. मिळाली नसेल तर तीही मागा.

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत टेक्सास राज्यात असते. तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे पाच महिने जाणार आहोत. माझे वय ६७, दहा वर्षांपासून इन्शुलिन चालू. पत्नीचे वय ६२, तिला रक्तदाब आहे. आमचा मेडिक्लेम आहे. तरीही प्रवास विमा घ्यावा का, आणि त्यात मधुमेह लिहिल्यास काही उपयोग होतो का? — एक ज्येष्ठ वाचक, गंगापूर रोड

उत्तर : घ्यावाच. तुमचा मेडिक्लेम सहसा भारतातील रुग्णालयांपुरताच असतो. अमेरिकेत कोणत्याही रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाने पैशांचा विचार न करता रुग्णाची प्रकृती स्थिर करावी असा १९८६ चा कायदा आहे, पण त्याचे बिल नंतर घरी येतेच, आणि ते मुलीच्या संसारावर पडते.

मधुमेह लिहिण्याचा उपयोग किती, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिलेल्या एका निकालात सापडते. एका भारतीय प्रवाशाने २००९ साली अमेरिकेला जाण्यापूर्वी परदेश प्रवासाचा विमा घेतला. अर्जात मधुमेह लिहिला आणि कंपनीने सांगितलेली वैद्यकीय तपासणीही करून घेतली. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर पोहोचताच त्यांना अशक्तपणा वाटून घाम येऊ लागला. रुग्णालयात अँजिओप्लास्टी करावी लागली. मधुमेह आणि कोलेस्टेरॉल आधीपासून होते, असे कारण देऊन कंपनीने दावा फेटाळला. न्यायालयाने मात्र असे ठरवले की, विमेदाराने आजार उघड केला असेल आणि त्याच्या प्रकृतीची तपासणी करून कंपनीने पॉलिसी दिली असेल, तर त्याच उघड केलेल्या आजाराकडे बोट दाखवून दावा नाकारता येणार नाही. मधुमेह लिहिलेला होता म्हणूनच हा माणूस न्यायालयात टिकू शकला. उलट, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार न लिहिलेल्या एका मेडिक्लेम प्रकरणात २००९ मध्ये याच न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली होती.

तरीही निकालावर विसंबून पॉलिसी घेऊ नये. तिची वाक्ये वाचावीत. भारतातील अनेक प्रवास विम्यांत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात, आणि त्याला एवढाच अपवाद असतो की जीव धोक्यात असेल तर प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च, तोही ठरावीक मर्यादेपर्यंत, दिला जाईल. काही कंपन्या जास्त हप्ता घेऊन आधीच्या आजारांचा समावेश करतात. तुम्ही तसा विमा शोधा. साठी ओलांडलेल्यांच्या पॉलिसीत एकूण रक्कम मोठी दिसली, तरी खोली, अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रिया यांच्यासाठी वेगवेगळ्या छोट्या मर्यादा असतात, आणि अमेरिकेतील दरांपुढे त्या फार तोकड्या पडतात. म्हणून अशा उपमर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी असे आमचे मत आहे. अमेरिकन कंपन्यांचे पाहुण्यांसाठीचे विमे मुलगी तिकडून घेऊ शकते. त्यांत ‘आधीच्या आजाराचा अचानक उद्भवलेला तीव्र त्रास’ एवढाच भाग बहुधा धरलेला असतो आणि त्यालाही वयाची अट असते. तुमचे ६७ वय त्या अटीत बसते का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. नेहमीची तपासणी, साखरेच्या पट्ट्या आणि रोजचे इन्शुलिन यांचा खर्च मात्र यांपैकी कशातही येत नाही.

दोघांच्याही सर्व गोळ्यांची नावे अर्जात द्या. मधुमेहासोबत दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी अनेकांना ‘आजार’ वाटत नाही, आणि वर सांगितलेल्या प्रकरणात नेमका त्यावरूनच वाद झाला होता. प्रश्न विचारायचा असेल तर ईमेलने विचारा: ‘मला मधुमेह असून मी इन्शुलिन घेतो. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा साखर एकदम कमी होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर ही पॉलिसी किती रकमेपर्यंत खर्च देईल?’ आलेले उत्तर छापून पासपोर्टसोबत ठेवा. मुक्काम वाढवायचा झाला तर पॉलिसी संपण्यापूर्वीच मुदतवाढ घ्यावी लागते, हेही मुलीला सांगून ठेवा.

इन्शुलिनविषयी एक इशारा देणे आम्हाला अत्यंत आवश्यक वाटते. भारतात मिळणाऱ्या बहुतेक साध्या कुप्यांमध्ये दर मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि त्यांच्या सिरिंजही ४० च्याच मापाच्या, लाल टोपणाच्या असतात. अमेरिकेतील कुपीत सहसा दर मिलिलिटरला १०० युनिट असतात. सामान हरवले आणि तिकडे घेतलेले इन्शुलिन इकडच्या सिरिंजने ‘नेहमीच्या खुणेपर्यंत’ भरले, तर डोस अडीचपट होतो आणि साखर जीवघेणी खाली जाऊ शकते. तुम्ही पेन वापरत असाल तर तो बहुधा १०० युनिटचा असतो आणि हा धोका टळतो. कुपी वापरत असाल तर निघण्याआधी डॉक्टरांशी पेनबद्दल बोला. सर्व इन्शुलिन हातातील बॅगेतच ठेवा, कारण विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन वापरण्यायोग्य राहत नाही. न उघडलेला साठा २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचा असतो. औषधे मूळ वेष्टनात असू द्या आणि डॉक्टरांचे इंग्रजी पत्र घ्या, ज्यात व्यापारी नावांऐवजी औषधांची मूळ नावे असतील. अमेरिकेत साधारण ९० दिवसांपर्यंतचा साठा बरोबर नेण्यास हरकत घेतली जात नाही. पाच महिन्यांतील उरलेल्या काळासाठी तिकडच्या डॉक्टरांची भेट मुलीने आधीच ठरवून ठेवावी.

प्रश्न : मी द्राक्ष बागायतदार असून फेब्रुवारीत बर्लिनच्या फळ प्रदर्शनाला जाणार आहे. व्हिसासाठी एजन्सीने स्वस्त विमा काढून दिला आणि ‘व्हिसा मंजूर झाला म्हणजे विमा ठीक आहे’ असे सांगितले. मला मधुमेह आहे आणि पायांची आग होते, त्यासाठी प्रीगाबालिन घेतो. परतताना दोन दिवस दुबईत थांबणार आहे. — एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : व्हिसा देणारे अधिकारी एवढेच पाहतात की विमा किमान ३०,००० युरोचा आहे, शेंगेन क्षेत्रातील (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातील) सर्व देशांत आणि मुक्कामाच्या सर्व दिवसांसाठी चालतो, आणि तातडीचे उपचार व मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात आहे. तुमचा मधुमेह त्यात धरला आहे की वगळला आहे, हे ते तपासत नाहीत. एजन्सीने अर्ज भरताना आजाराच्या रकान्यात काय लिहिले, ते आज मागवून पाहा. ‘काही नाही’ असे लिहिले असेल, तर प्रवास सुरू होण्यापूर्वी पॉलिसी बदलून घ्या. सहल कंपन्यांच्या पॅकेजमधील सामूहिक विम्यालाही हेच लागू आहे.

दुबईचा प्रश्न अधिक गंभीर आहे. संयुक्त अरब अमिरातीत प्रीगाबालिन हे नियंत्रित औषध आहे. तेथील सरकारी संकेतस्थळावरून आगाऊ परवानगी घेऊन, डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन आणि मुक्कामापुरताच साठा बरोबर असल्याशिवाय ते नेऊ नका. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्यांनाही हाच नियम लागू आहे. कायदा मोडल्यामुळे झालेला खर्च कोणताही प्रवास विमा देत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला नवव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह (शरीरात इन्शुलिन जवळपास तयारच न होणारा प्रकार) आहे. आता तो २३ वर्षांचा असून नोकरीला लागला आहे. दोन कंपन्यांनी त्याचा टर्म प्लॅन नाकारला. त्याला विमा कधीच मिळणार नाही का? — एक आई, नाशिक रोड

उत्तर : टाइप १ असलेल्या तरुणांना मोठ्या रकमेचा टर्म प्लॅन मिळणे आज कठीण आहे, हे आम्ही लपवणार नाही. मधुमेहाची वर्षे मोजून जोखीम ठरवण्याची पद्धत त्यांच्यावर अन्याय करते, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते, कारण रोज चार वेळा साखर मोजून शिस्तीने राहणारा मुलगाही त्या मोजणीत मागे पडतो. तरी काही वाटा आहेत.

त्याच्या नोकरीच्या ठिकाणी सामूहिक जीवन विमा आहे का, हे मनुष्यबळ विभागाला विचारा. अशा विम्यात एका ठरावीक रकमेपर्यंत वैयक्तिक तपासणी न करता सर्व कर्मचाऱ्यांना सामावून घेतले जाते. नोकरी बदलताना पगाराइतकेच लक्ष त्याने या सोयीकडे द्यावे. कंपनीचा आरोग्य विमाही बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून जुन्या आजारांना लागू असतो. वैयक्तिक मेडिक्लेम आजच सुरू करावा. तेथे आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी आता ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. तिसाव्या वर्षापर्यंत मूत्रपिंड आणि डोळ्यांचे अहवाल स्वच्छ राहिले, तर टर्म प्लॅनसाठी पुन्हा प्रयत्न करावा. तोवर प्रत्येक वर्षाचे अहवाल तारखेनुसार फाइलमध्ये लावून ठेवावेत. आधीचे दोन नकार तेव्हाही अर्जात लिहावे लागतील.

आणि एक गोष्ट या आठवड्यातच करता येईल. बँकेत किंवा टपाल कार्यालयात त्याचे बचत खाते असेल, तर पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेचा अर्ज द्या. १८ ते ५० वर्षे वयात तिच्यात सामील होता येते, वैद्यकीय तपासणी नसते, वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण मिळते आणि ते वयाच्या ५५ पर्यंत चालू ठेवता येते. पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज अन्य कारणाने मृत्यू आल्यास रक्कम मिळत नाही. योजनेचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते, म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात पुरेशी शिल्लक राहील याकडे लक्ष द्या, आणि नॉमिनीच्या रकान्यात तुमचे नाव आधार कार्डवर आहे तसेच लिहिले आहे ना, हे पासबुक भरून घेताना एकदा पाहून घ्या.